वही तिला आजच परत द्या

नमस्कार,

चिपळूणहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीचे नीटचे दोन प्रयत्न झाले, गुण वाढले तरी सरकारी कॉलेज हुकलं. तुम्ही तिसऱ्या प्रयत्नाची फी भरून आलात. अभ्यासाच्या वेळात ती प्रवाळातल्या माशांबद्दल वाचते म्हणून तिची वही कपाटात कुलूप लावून ठेवलीत, आणि 'हे खूळ कसं काढू?' असं विचारता.

मला गुणांची काळजी वाटली नाही. तुम्हीच लिहिलंय, वही घेतली तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही, 'बरं' म्हणाली आणि जेवायला बसली. तुम्हाला तो समजूतदारपणा वाटला. मला ते वाचून धस्स झालं. एकोणीस वर्षांची मुलगी आवडीची गोष्ट काढून घेतल्यावर नुसतं 'बरं' म्हणते, तेव्हा तिने या घरात काही मागणंच सोडलेलं असू शकतं. पत्रात 'आम्ही ठरवलं' तीन वेळा आहे. तिला विचारलं, असं एकदाही नाही.

'बघा काय लिहिते' म्हणून त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. बघितला. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझर्ड बेटाजवळ झालेले प्रयोग तिने स्वतःच्या शब्दांत मांडलेत. माशाची कातडी फाटली की एक रसायन पाण्यात उतरतं. त्याचा वास येताच आसपासचे मासे चरणं थांबवून आडोशाला जातात. हा वास आणि अनोळखी शिकारी माशाचा वास एकदाच एकत्र आला, तरी पिल्लू त्या शिकाऱ्याला ओळखायला शिकतं. पण मेलेल्या, शेवाळ धरलेल्या प्रवाळावरून आलेल्या पाण्यात अंबोन डॅमसेल या चिमुकल्या माशाला हा इशारा कळेनासा होतो. त्याचा भाऊबंद नागासाकी डॅमसेल मात्र तिथेही सावध होतो. खाली तिने लिहिलंय, 'एकाला कळतं, दुसऱ्याला नाही. ज्याला कळतं तो मुळातच मोडक्या प्रवाळाच्या आसपास राहतो म्हणून का?'

साहेब, हाच प्रश्न या विषयातल्या संशोधकांनीही विचारलाय. मुलगी वाया चाललेली नाही.

'तिला तर पोहताही येत नाही' असं तुम्ही म्हणता. समुद्राचा अभ्यास म्हणजे डायव्हिंग, हा समज मला दर वर्षी भेटतो. या प्रयोगांचा मोठा भाग काचेच्या टाकीपुढे बसून होतो. बारीक नळीतून वासाचं पाणी सोडायचं आणि माशाने ठरावीक मिनिटांत किती वेळा खाद्य टिपलं, टाकीवर आखलेल्या किती रेघा ओलांडल्या, ते मोजायचं. मग पुढचा मासा, मग त्याच्यापुढचा. त्यानंतर संख्याशास्त्र. पोहणं शिकता येतं. मोजताना स्वतःला न फसवणं जास्त अवघड आहे. समुद्राच्या पाण्याची आम्लता वाढली की मासे शिकाऱ्याला घाबरेनासे होतात, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. 2020 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सहा जातींच्या 900 हून अधिक माशांवर ते पुन्हा तपासलं, तर तसा परिणाम दिसला नाही. तिला हेही वाचायला द्या. तरीही ओढ राहिली तर ती खरी.

वाटा नेहमीच्याच आहेत: रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे गोवा विद्यापीठ, मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई ही मत्स्यशिक्षण संस्था, गोव्यात दोना पावलाची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था. गणित बरं असेल तर आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था. पीएचडीपर्यंत वर्षं बरीच जातात, कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिच्यापासून लपवू नका. प्रवाळ बघायला ऑस्ट्रेलियाच गाठावी लागते असंही नाही. मालवणच्या समुद्रातही ते आहे.

तिसऱ्या प्रयत्नाचं वेळापत्रक तुम्ही मागितलंत, ते मी तुम्हाला देणार नाही. वही परत करा आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचं असेल, तर ते वेळापत्रक मी तिच्यासोबत बसून करेन.