डिश कुठे बघतेय, ते आधी बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

पहिलं जहाज मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. संपर्काची सगळी यंत्रणा आता तुझ्या ताब्यात येईल. सॅटेलाइट फोन बंद पडला की नवखी माणसं थेट खोकी उघडून बसतात. तू आधी डेकवर जाऊन डिश कुठे रोखलेली आहे आणि तिच्या आड काय येतंय, ते बघ.

हे कळायला जहाजांच्या संपर्कासाठी सोडलेल्या पहिल्या उपग्रहांचा अभ्यास कर. त्याआधी भर समुद्रातून घरी बोलायचं म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओवर भिस्त. दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री दगा द्यायची. 1976 मध्ये अमेरिकेच्या कॉमसॅट जनरल कंपनीने मॅरिसॅटचे तीन उपग्रह सोडले: अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागरासाठी. सुरुवातीला त्यांच्या शक्तीचा मोठा वाटा अमेरिकी नौदलाने भाड्याने घेतला होता. उरलेल्यात व्यापारी जहाजांना टेलेक्स (टाइप केलेला मजकूर पाठवण्याची सोय) आणि टेलिफोन मिळाला. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते, कारण एकट्या व्यापारी जहाजांच्या जिवावर एवढा खर्च तेव्हा निघाला नसता.

खरी करामत मात्र जहाजावर होती. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच, आपल्याला एका जागी दिसणारा; खाली जहाज डोलतंय, आपटतंय, वळतंय. पांढऱ्या घुमटातली जेमतेम सव्वा मीटरची डिश अशात नेम धरून ठेवायची. जायरोकंपासकडून, म्हणजे जहाजाच्या दिशादर्शक यंत्राकडून, दिशा घ्यायची आणि जहाज उजवीकडे वळलं की तेवढंच डावीकडे फिरायचं. हिंदी महासागरावरचा मॅरिसॅट साधारण मुंबईच्याच रेखांशावर होता. त्यामुळे मुंबईजवळच्या समुद्रात डिश दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे 68 अंश वर रोखलेली असे. तिथे आड यायला फारसं काही नसतं. उत्तरेला जावं तसा उपग्रह खाली उतरतो, मग डोलकाठी नाहीतर धुरांडं मध्ये येतं. ध्रुवाजवळ तर तो दिसतच नाही.

1982 मध्ये इनमारसॅट या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय उपग्रह संस्थेने हेच उपग्रह भाड्याने घेऊन सेवा सुरू केली. पुढे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या आर्वीलाही तिचं भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी जोडणारं जमिनीवरचं केंद्र, झालं. उपकरणं बदलली, पण आड आलेलं लोखंड आजही सिग्नल अडवतंच.

म्हणून पहिल्याच आठवड्यात डिशपाशी उभं राहून डोलकाठी आणि धुरांडं कोणत्या कोनात येतात ते मोज. त्याचा तक्ता ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, लाव आणि ड्यूटीवरच्या ऑफिसरला समजावून सांग. फोनचा संपर्क तुटला तर जहाज पाच-दहा अंश वळवून बघता येईल का, हे तो कॅप्टनला विचारू शकेल. तक्त्याचा फोटो मलाही पाठव.

तुझा,
काका