पावसाळ्यासाठी बोट वर काढताना ऑइल आणि बॅटरीवर भागत नाही

रेवदंड्याच्या खाडीतली १८ फुटी फायबर बोट, ४० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. मे अखेरीस बोट वर काढून ऑइल बदललं, बॅटरी घरी नेली की झालं ना, असं तुम्ही विचारलंय. नाही झालं. पाऊस इंजिनाचं फारसं वाकडं करत नाही. वाट लावतं ते आत राहिलेलं खारं पाणी आणि टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल.

बोट वर आली की त्याच दिवशी इंजिन गोड्या पाण्यावर चालवा. आधी इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, आणि इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून दहा-पंधरा मिनिटं मंद चालू द्या. मागून पाण्याची धार पडतेय ना, बघत राहा. कोरडं अजिबात चालवू नका, पाणी ओढणारा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच. पोर्टेबल टाकी असेल तर सरळ रिकामी करा. पक्की असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घालून मगच पिंपातलं इंजिन चालवा, म्हणजे तो आतपर्यंत पोचेल. कार्ब्युरेटर असेल तर शेवटी त्याची वाटी रिकामी करा. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन मात्र पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालवू नका, पंप खराब होतो.

इंजिन कोमट आहे तोवर ऑइल बदलून घ्या. ‘सीझनच्या सुरुवातीला बदलू’ म्हणणारे पुष्कळ आहेत, पण जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा मग पावसाळाभर आत बसून राहतो.

सगळ्यात जास्त लक्ष इंजिनाच्या खालच्या भागातल्या गिअर ऑइलकडे द्या. खालचा स्क्रू काढा, मग वरचा. ऑइल पांढऱ्या वाटीत घ्या. काळपट निघालं तर चिंता नाही. दुधाळ, चहासारखं निघालं तर शाफ्टचं पाणी अडवणारं सील गेलंय, पाणी शिरलंय. हे काम मेकॅनिकचं, आणि ते जूनमध्येच करून घ्या. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे रांग असते. स्क्रूच्या चुंबकावर बारीक चुरा चालतो, धातूचे तुकडे नाही. नवं ऑइल खालून भरायचं, वरच्या भोकातून येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर. पंखा काढलेलाच आहे, तर शाफ्टला गुंडाळलेली मासेमारीची तंगूस (नायलॉनची दोरी) आहे का बघा. सील कापणारी बहुतेक वेळा तीच असते. शाफ्टला ग्रीस लावून ठेवा.

इंजिनाऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारे झिंकचे तुकडे निम्मे झिजले असतील तर बदला, त्यांना रंग लावू नका. बुडाला चिकटलेलं शिंपल्यांचं कवच ओलं असतानाच खरवडा, वाळलं की फायबरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, घेऊन निघतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून घरी ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंग.

इंजिन उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळेल. बोटीचं नाक थोडं वर, ताडपत्री दोन्ही टोकांना हवा जाईल अशी, आणि तळाचं बूच काढलेलं. ते बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधा. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात लोटल्यावर बूच शोधणारे दरवर्षी एक-दोन तरी निघतात.