चतुराचा डोळा आणि जेमतेम एक मिलिमीटर

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि ९० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स आहे. शेततळ्यावर चतुरांचे (ड्रॅगनफ्लाय) फोटो काढतो. एफ/२.८ आणि ऑटोफोकस वापरतो. पंखाचं टोक स्वच्छ येतं, डोळे मात्र दरवेळी धूसर. एक मित्र म्हणतो एफ/२२ लाव, दुसरा म्हणतो चतुर पकडून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. काय करू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : फ्रीजचं आधी सांगते. नको, अजिबात नको. फोटोसाठी जिवाला गारठवणं मला मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही. चतुराचं अंग हवेबरोबर थंड-गरम होतं. थंडीच्या दिवसांत उजाडायच्या आधी तळ्यावर जा. रात्रभर गारठलेला चतुर काडीला धरून लटकलेला असतो, पंखांवर दव असतं, आणि ऊन लागून अंग तापेपर्यंत त्याला नीट उडता येत नाही. तुम्हाला निवांत अर्धा तास मिळतो. फक्त काडीला धक्का लावू नका.

आता एफ/२.८. एफचा आकडा वाढतो तसं लेन्सचं छिद्र बारीक होतं आणि स्पष्ट दिसणारा थर जाड होतो. चतुराचं डोकं आणि छाती चौकटभर आली, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराइतकी झाली, की तुमच्या कॅमेऱ्यावर एफ/२.८ ला स्पष्ट दिसणारा थर पाव मिलिमीटरही नसतो. एफ/११ ला तो जेमतेम एक मिलिमीटर होतो. म्हणून एफ/२२ चा मोह होतो. मलाही झाला होता. माझा पहिला अख्खा पावसाळा मी एफ/२२ वर घालवला आणि एकाही फोटोत डोळ्यावरची जाळी सुटी दिसली नाही. कारण खऱ्या आकाराच्या फोटोत लेन्स सेन्सरपासून इतकी लांब जाते, की एफ/२२ हे प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. एफ/८ ते एफ/११, त्यापुढे जाऊ नका.

ऑटोफोकस बंद करा. इतक्या जवळ तो पुढे-मागे धडपडतो आणि ठळक रेघ दिसेल ती पकडतो. तुमच्या बाबतीत ती पंखाची कड. आधी ठरवा की चतुर किती मोठा हवा, त्या मापाला फोकस रिंग फिरवा आणि मग रिंगला हात लावू नका. कोपर गुडघ्यावर टेका, श्वास सोडा आणि अख्खं अंग केसभर पुढे झुकवत न्या. डोळा धारदार होताना दिसेल. तो पुरता धारदार होण्याच्या किंचित आधी बटण दाबा, कारण अंग पुढे जातच असतं. पाच-सहा फोटो सलग घ्या, एखादा साधतो. हे जमायला मला दोन महिने लागले. घरी तांदळाच्या दाण्यावर सराव केला, तो फार उपयोगी पडला.

दुसरं, कॅमेऱ्याची पाठ चतुराच्या अंगाला समांतर धरा. कडेने घेतलात तर डोळा, छाती, शेपूट एकाच थरात येतात. टाचणीपासून, म्हणजे चतुराच्या बारीक अंगाच्या भाऊबंदापासून सुरुवात केलीत तर आणखी सोपं, बहुतेक टाचण्या बसताना पंख पाठीवर मिटून घेतात.

उजेडासाठी फ्लॅश लागेलच. मॅन्युअल मोड, १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २००, फ्लॅश १/८ ताकदीवर. इथून सुरू करून कमी-जास्त करा. कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच चमकतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत उतरत नाही. फ्लॅशपुढे पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम लावा, नाहीतर डोळ्यावर पांढरा ठिपका बसतो. मागचं सगळं काळं आलं तर आयएसओ ८०० करा आणि फ्लॅशची ताकद तेवढीच उतरवा.

अनेक फोटो जोडून एक करण्याचं तंत्र, फोकस स्टॅकिंग, सध्या राहू द्या. वाऱ्यावर डुलणाऱ्या काडीवर ते बिघडतंच.

आणि चतुर उडाला तर जागा सोडू नका. बरेच चतुर फेरी मारून पुन्हा त्याच काडीवर येतात. तुमची सावली तिच्यावर पडत नाही ना, एवढं पाहून बसून राहा.