खातं कुणी बंद केलं, ते आधी विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एक शब्द पुन्हापुन्हा येतो: लॉक. कुणाचं खातं खरोखरच बंद पडलंय, तर कुणाला ते बंद पडणार असल्याची धमकी आलीय. भीती दोघांची सारखीच आहे, पण करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. म्हणून या वेळी दुसरा कुठलाच विषय घेतलेला नाही. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: मी कराडला घरगुती खानावळ चालवते. दोन्ही वेळचे मिळून पंचेचाळीस डबे जातात. मागच्या महिन्यात एका मुलाने डब्याचे 2,200 रुपये क्यूआरवर टाकले. आठ दिवसांनी किराणावाल्याला पैसे पाठवायला गेले, तर व्यवहार होईना. शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'सायबरचा होल्ड आहे, आमच्या हातात काही नाही.' खात्यात 61,340 रुपये आहेत, त्यातच पोराच्या फीचे पैसे आहेत, आणि एक रुपया निघत नाही. घरी येऊन खातं सुरू कसं करायचं ते मोबाइलवर शोधलं, एका ठिकाणी माहिती भरली. दुसऱ्या दिवशी फोन आला, 'सायबर पोलीस ठाण्यातून इन्स्पेक्टर बोलतोय. तुमच्यावर केस आहे. 12,500 रुपये भरा, एनओसी देतो, संध्याकाळपर्यंत खातं उघडेल.' त्याला माझ्या बँकेचं नाव माहीत होतं. ताई, भरू का? आणि मी असं केलं तरी काय?

उत्तर: एक रुपयाही भरू नका. बाकीचं सगळं यानंतर.

तुमचं खातं खरंच थांबवलेलं आहे आणि ते उघडून देतो म्हणणारा माणूस खोटा आहे. या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्यामुळे तुम्ही गोंधळलात. तुमच्या जागी कुणीही गोंधळलं असतं. त्याला बँकेचं नाव कसं कळलं, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ज्या पानावर तुम्ही माहिती भरलीत, तिथूनच ती त्याच्याकडे गेली असणार. खातं अडकलेला माणूस घरी जाऊन मोबाइलवर काय शोधतो, हे या टोळ्यांना पक्कं ठाऊक असतं आणि त्या तिथेच दबा धरून बसतात. खातं मोकळं करायला पोलीस यूपीआयवर पैसे मागत नाहीत. बँकही मागत नाही. त्याचा नंबर जपून ठेवा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे त्याची तक्रार नोंदवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही काहीही केलेलं नाही. दूर कुठल्या तरी राज्यात कुणी तरी फसलं, त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर फोन केला. ती तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतून बँकांकडे जाते. तोवर चोरांनी पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच-सहा खात्यांत असे फोडून पुढे ढकललेले असतात. ते जिथे जिथे पोचले, तिथे तिथे रक्कम अडवली जाते, कारण उशीर झाला तर फसलेल्याच्या हाती काहीच लागत नाही. त्या साखळीच्या शेपटाशी तुमच्याकडे डबा लावलेला तो मुलगा असावा. त्याने जाणूनबुजून काही केलं असेलच असं नाही. त्यालाही कुणी तरी उधारीचे पैसे परत केले असतील. होल्ड लागला म्हणजे तुम्ही आरोपी झालात, असा अर्थ होत नाही.

उद्या शाखेत जाल तेव्हा लेखी अर्ज न्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. काउंटरवरच्या मुलीवर मी रागावणार नाही, तिच्या पडद्यावर बहुधा एक शेरा दिसतो, त्यापलीकडे काही नाही. तुम्ही थेट शाखाधिकाऱ्यांपुढे बसा. तक्रारीचा क्रमांक काय, कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्याने कळवलं, तपास अधिकाऱ्यांचा सरकारी ईमेल कोणता, वादातली रक्कम किती आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक काय, हे सगळं अर्जात विचारा. तो क्रमांक तुमच्या अ‍ॅपमधल्या नोंदीशी ताडून पाहा. मी त्या मुलाचे 2,200 गृहीत धरून लिहिते आहे. वाद कदाचित दुसऱ्याच कुणाच्या पैशांचा निघेल.

अजून एक विचारा, आणि इथे मागे हटू नका: पोलिसांनी फक्त वादातली रक्कम अडवायला सांगितली आहे की सगळं खातं? बँकेत पहिल्याला लियन म्हणतात, दुसऱ्याला डेबिट फ्रीझ. बावीसशेच्या वादासाठी एकसष्ट हजार अडकवून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच खातेदारांच्या बाबतीत वादातल्या रकमेपुरताच अटकाव ठेवायला सांगितलं होतं. तो निकाल महाराष्ट्रातल्या बँकेला आपोआप बांधील नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

मग तपास अधिकाऱ्यांना ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही करा. तुमची डब्यांची वही हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. त्या मुलाच्या नावाचं पान, किती दिवस डबा गेला, काय दराने गेला, कोणत्या तारखेला पैसे आले, या सगळ्याचे फोटो जोडा. आधार कार्डाची प्रत आणि खाद्य परवान्याची नोंदणी असेल तर तीही जोडा. मुलाला गाठून त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेता आल्या तर उत्तमच. त्या अधिकाऱ्यांचा फोन नंबर शाखेने दिला असेल तरच त्यावर बोला, इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर बोलू नका. सातारा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांनाही एकदा भेटा, साडेबारा हजार मागणाऱ्या त्या फोनची तक्रार तिथेही द्या.

बँकिंग लोकपालांकडे जाऊ का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने केलेली कारवाई लोकपालांच्या कक्षेबाहेर आहे, तिथे वेळ घालवू नका. पोलिसांकडून दाद मिळाली नाही तर रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली पोलिसांनी अशी जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवायची असते आणि कलम 503 खाली ती मोकळी करायला अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता करू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय कुठे आहे ते विचारा.

हे दोन दिवसांत होणार नाही. आठवडे लागतील, कधी महिनेही लागतात. तोवर चूल थांबता कामा नये, म्हणून दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथला क्यूआर लावा. आणि पुढेही खानावळीचं खातं वेगळं आणि साठवणीचं वेगळं ठेवा. एकाच खात्यात सगळं असल्यामुळेच तुमच्या पोराच्या फीचे पैसेही आज अडकले आहेत.

प्रश्न: माझे वडील 74 वर्षांचे, चिपळूणजवळ एकटे राहतात. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचं चिन्ह असलेला मेसेज आला: 'केवायसी अपूर्ण. आज रात्री 12 वाजल्यापासून खाते लॉक होईल.' सोबत एक फाइल होती. त्यांनी ती उघडली, काही तरी भरलं आणि दोन दिवस आम्हाला सांगितलंच नाही. पैसे अजून गेलेले नाहीत. आता काय करू? मी ठाण्यात असते.

उत्तर: संपादकांनी हे पत्र मला फोनवर वाचून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी मी तुमच्याशी बोलले. तेव्हा सांगितलं ते इतरांसाठी पुन्हा लिहिते.

एपीके नावाची ती फाइल कागद नसते, ते अ‍ॅप असतं. एकदा बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. वडिलांनी कुणालाही तो सांगायची गरजच उरत नाही. म्हणून सर्वांत आधी त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद करायचा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायचं. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच घ्यायचा. ते अ‍ॅप काढून फोन पूर्ण कोरा करून घ्यायचा आणि पासवर्ड, पिन नव्याने लावायचे. पैसे गेले असते तर बँकेबरोबर लगेच 1930 लाही फोन. त्यात पहिला तास फार मोलाचा असतो.

रिझर्व्ह बँकेचा 2017 पासून नियम आहे: खातेदाराची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे गेलेले पैसे मात्र कळवेपर्यंत त्याचेच बुडतात; कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या माथी. म्हणजे वडिलांनी गप्प राहून काढलेले ते दोन दिवस किती महागात पडले असते, याचा विचार करा.

केवायसी खरंच जुनी होते. जोखीम कमी असलेल्या खात्याची दहा वर्षांनी, मध्यम असेल तर आठ, जास्त असेल तर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. पण तिची मुदत संपण्याआधी बँकेने निदान तीनदा कळवायचं आणि त्यातलं एक तरी पत्राने, असं रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये घालून दिलंय. कामासाठी येणारे बँकांचे फोन आता 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यायचे आहेत आणि बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर गेले आहेत. कुठल्याही दहा आकडी मोबाइलवरून रात्री बाराची मुदत देणारी बँक मी बँकेतल्या माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही.

आणि वडिलांवर रागावू नका. हे मी मनापासून सांगते. 2018 साली माझ्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आले होते. तीन लाखांची ठेव मुदतीआधी मोडायची होती. पुतण्याच्या कामासाठी म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या फोनचा पडदा उजळलेला होता, पलीकडून कुणी तरी ऐकत होतं. मला ते दिसलं होतं. दुपारची गर्दी होती, फॉर्म बरोबर भरलेला होता, सही जुळत होती, मी व्यवहार पास केला. आठ दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा मुलाला यातलं काही सांगू नका, एवढंच मागत होते. 'सर, फोन कुणाचा आहे?' हे पाच सेकंदांचं वाक्य मी त्या दिवशी बोलले नाही. घरच्यांच्या बोलण्याची भीती नसती, तर ते सर पहिल्याच दिवशी मुलाला फोन करून मोकळे झाले असते. तुमच्या वडिलांना सांगा, पुढच्या वेळी काहीही आलं की आधी तुम्हाला फोन करायचा, मध्यरात्र असली तरी.

प्रश्न: आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला अडीच वर्षं होतो. पुण्याला परतल्यावर पेन्शन सोडून दुसरं खातं बंद दाखवतंय. ते सुरू करायला एजंट 3,000 मागतो.

उत्तर: एजंटाला वाटेला लावा. दोन वर्षं तुमच्या बाजूने एकही व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. यात कुणी काही चुकीचं केलेलं नाही. बचत खात्याचं व्याज चालू राहतं. ओळखीची कागदपत्रं घेऊन शाखेत जा, केवायसी नव्याने द्या, एक छोटा व्यवहार करा. 2024 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्यासाठी शुल्क घेता येत नाही.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला शिकतो. रूममेटच्या ओळखीचा एक जण म्हणतो, तुझ्या नावाने खातं उघड, एटीएम कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला 5,000 देतो. गेमिंग कंपनीचे पैसे फिरवायचे आहेत. यात काही धोका आहे का?

उत्तर: बाळा, देऊ नकोस. याला भाड्याचं खातं म्हणतात, पोलिसांच्या भाषेत म्यूल. फसलेल्या माणसाचे पैसे आधी अशाच खात्यात येतात आणि पोलीस सर्वांत आधी त्याच नावाच्या दारात उभे राहतात. पाच हजार देणाऱ्याचं नावही तुला ठाऊक नसेल. कागदावर मात्र तुझं आधार, तुझा फोटो, तुझी सही असेल.

कार्ड आणि सिम देऊन झालं असेल, तर आजच शाखेत लेखी अर्ज देऊन खातं थांबव, सिम बंद कर, आई-वडिलांना सांग आणि त्यांना सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात स्वतःहून जा. ते तुला शोधत येण्याआधी जा. आणि वर कराडच्या ताईंचं पत्र आहे, ते पुन्हा एकदा वाच. त्यांचे 61,340 रुपये ज्या साखळीत अडकले, तिच्यातही कुठे तरी असंच एखादं भाड्याचं खातं असण्याची शक्यता फार मोठी आहे.