इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता मेकॅनिकल घ्यावं का?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली, सीईटीत गुण चांगले आहेत. गाड्यांचं वेड असल्यामुळे मेकॅनिकलच घेणार म्हणते. घरचे म्हणतात, पेट्रोलच्या गाड्या जाणार, मग तिथे काय उरणार? कॉम्प्युटर घे. – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, इंजिन गेलं की मेकॅनिकल गेलं, असं तुमच्या घरी धरून चाललेत. पण बॅटरी तापते, ती थंड ठेवावी लागते. तिचं शेकडो किलो वजन पेलणारा सांगाडा हलकाही हवा आणि अपघातात टिकणाराही. हे काम मेकॅनिकलवाल्यांचंच.

शिवाय कार कंपन्यांची खरी डोकेदुखी इंजिनापलीकडची आहे. इलेक्ट्रिक गाडीला धुराडं नसतं, पण आपली बरीचशी वीज आजही कोळशाचीच. कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या खाणींतून येतं. मोटारीतल्या चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मिळ मूलद्रव्यांवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीचे निर्बंध घातले, तेव्हा आपल्याकडच्या कंपन्यांचीही धावपळ उडाली. कमी चुंबकात किंवा चुंबकाशिवाय चालणारी मोटार कोण बनवणार? असे प्रश्न सोडवायला माणसं हवी आहेत.

दुसरा प्रश्न म्हाताऱ्या गाड्यांचा. २०२२ च्या नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि १ एप्रिल २०२५ पासून मोडीत निघणाऱ्या गाड्यांसाठीही तसेच नियम लागू झाले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात हातोडा-छिन्नीने चालतं ते काम आता हिशेब ठेवून, विषारी द्रव्यं वेगळी काढून करायचं आहे. गाडी आखतानाच ती सुटी कशी होईल, याचा विचार करणारे इंजिनिअर आपल्याकडे अजून थोडे आहेत. माझ्या मते पुढची मोठी संधी इथे आहे, चार्जिंग स्टेशनांत नाही.

म्हणून मेकॅनिकल घेऊ द्या, मुंबईचं व्हीजेटीआय कॉलेज मिळालं तर उत्तमच. तिसऱ्या वर्षापासून मटेरियल सायन्स, म्हणजे धातू-प्लास्टिकसारख्या साहित्याचं शास्त्र, उष्णता व्यवस्थापन आणि लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे खाणीपासून भंगारापर्यंत गाडीच्या प्रदूषणाचा हिशेब, हे विषय मिळतील तिथे घ्यावेत. कोडिंग शिकावंच लागेल, पण त्यासाठी शाखा बदलायची गरज नाही. 'तीन महिन्यांत ईव्ही एक्स्पर्ट' अशा जाहिराती करणाऱ्या क्लासांवर मात्र पैसे घालवू नका. चौथ्या वर्षी एखाद्या कारखान्यात केलेली इंटर्नशिप त्याहून कितीतरी मोलाची.

पर्यावरणाच्या कामाची आणखी एक वाट आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केल्यापासून मुंबईच्या बीकेसीतल्या ऑफिसांत अहवाल लिहिणाऱ्यांना मागणी आली आहे. नोकरी वाईट नाही, पण गाड्यांचं वेड असलेली मुलगी तिथे कंटाळेल.

दोन गोष्टी घरात आधीच बोलून घ्या. गाड्यांचं काम बहुतेक चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इकडे आहे, डोंबिवलीहून रोजची लोकल पकडून होणारं नाही. आणि पहिला पगार आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.

कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा पसंतीक्रम भरण्याआधी तिला रसायनशास्त्र आवडतं का, एवढं विचारा. हो म्हणाली, तर पुण्याच्या सीओईपी कॉलेजातलं मेटलर्जी (धातुशास्त्र) आणि माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं केमिकल, दोन्ही यादीत वर घाला. बॅटरीतले धातू परत मिळवण्याचं काम मुख्यतः त्याच लोकांच्या हातात राहणार आहे.