लोखंडाचे नॅनोकण सोडून भूजल खरंच स्वच्छ होतं का?

होतं, पण ठरावीक प्रदूषणापुरतंच. खारट विहिरीला याचा काही उपयोग नाही, आणि नायट्रेटचं तर बऱ्याचदा अमोनियम होऊन बसतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खरा उपयोग ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या, यंत्रांचे भाग धुवायच्या क्लोरिनयुक्त द्रावकांवर. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं. ते या रेणूतला क्लोरिन तोडतात आणि मुख्यतः इथिलीन, इथेन नि क्लोराइड उरतं. विषारी सहा-संयुजी क्रोमियमचंही तीन-संयुजी होतं आणि ते पाण्यातून निघून मातीत बसतं. साधा लोहकीसही हेच करतो, म्हणून तर त्याच्या भिंती जमिनीत गाडतात. पण 100 नॅनोमीटरहून बारीक कणांचा पृष्ठभाग ग्रॅमला वीसेक चौरस मीटर किंवा जास्तही भरतो. त्यामुळे क्रिया झपाट्याने होते, शिवाय खोदकाम न करता बोअरमधून कण सोडता येतात.

2000 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला लीहाय विद्यापीठाच्या संशोधकांनी पॅलेडियम या धातूचा थर दिलेले असे जेमतेम 1.7 किलो कण सोडले. त्या छोट्या पट्ट्यात ट्रायक्लोरोइथिलीन 96 टक्क्यांपर्यंत घटलं.

अडचण पुढे आहे. कण चुंबकीय, त्यामुळे एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि बोअरपासून काही मीटरांतच अडकतात. सेल्युलोजचा लेप देऊन थोडं लांब जातात, इतकंच. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही बरंचसं लोखंड फुकट खातो. म्हणून प्रदूषणाचा मूळ साठा नेमका कुठे आहे ते आधी शोधा, मगच दर विचारा.