आईच बाई होते तेव्हा

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं कुणी ठरवलं, की माझ्याकडे समुपदेशनाला आधी आजी-आजोबा येतात. ऐरोलीच्या या ख्रिस्ती कुटुंबाचंही तसंच झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजी नगरकडच्या मिशन शाळेत हयातभर शिकवून निवृत्त झालेल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "ताई, माझ्या आईला पहिलं अक्षर मिशनच्या बाईंनी शिकवलं. आमच्या लोकांनी गावोगाव शाळा काढल्या, आणि माझाच मुलगा नातवाला शाळेतून काढतो! पोर एकलकोंडं होईल. दहावीला तरी कुठून बसेल?"

दहावीचं उत्तर सोपं आहे. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था; तिच्याकडून तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात, चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीही. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आजींनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण घरी शिकवलं म्हणून पालकांना शिक्षा करायची तरतूद त्यात नाही. आजींचं समाधान झालं नाही, आणि होणारही नव्हतं. त्यांची खरी बोच 'शाळा का सोडली' ही होती.

ते मी सुनेला विचारलं. तिने सुरुवात अमेरिकेतल्या व्हिडिओंपासून केली. तिथली पार्श्वभूमी वेगळी आहे. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन थांबवलं. अनेक ख्रिस्ती पालकांना ती शाळा परकी वाटू लागली. पुढे इतर कारणंही जोडली गेली आणि १९९३ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. आपल्याकडे मात्र चर्चच्या स्वतःच्या शाळा आहेत, त्यातल्या कितीतरी ठिकाणी दिवस प्रभूच्या प्रार्थनेने सुरू होतो. मग इथे का? ती थोडा वेळ गप्प बसली. "बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी देवाच्या वचनांबद्दल बोला. माझा मुलगा सकाळी सातला बाहेर पडायचा. शाळा, मग ट्यूशन, मग गृहपाठ. कौटुंबिक प्रार्थनेला बसला की पेंगायचा. त्याचा सगळा दिवस दुसऱ्यांकडे, मला फक्त त्याची झोप मिळायची."

मला हे कारण खरं वाटलं, आणि तसं मी आजींना सांगितलं. श्रद्धा आठवड्यातून एकदा उपासनेला नेऊन देता येत नाही, ती रोजच्या सहवासात उतरते, असं मानणारे पालक मुलाला जगापासून लपवतातच असं नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, घरीच शिकवलं, असंही मी म्हटलं. आजी लगेच उत्तरल्या, "हो, आणि मोठ्या झाल्यावर १८८९ साली शारदा सदन काढलं ते बायकांना घराबाहेर आणून शिकवायलाच ना!" त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

मुलाशी मी एकट्याने बोलले. नऊ वर्षांचा, मोकळा, बडबड्या. खाडीवर येणारे लहान आणि मोठे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) कसे ओळखायचे ते त्याने मला चोचीच्या रंगावरून समजावलं. सोसायटीत फुटबॉलची टोळी, रविवारी संडे स्कूल, मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे चर्चची सुट्टीतली बायबल शाळा. एकलकोंडेपणाचं नावही नव्हतं.

पण गणिताचा विषय निघाला आणि त्याचा आवाज बारीक झाला. "मला भागाकार आला नाही ना, की आई डोळे मिटून प्रार्थना करते."

आई काय मागत होती? धीर. दिवसभर शिकवायचं, स्वयंपाक करायचा, सासूचं बोलणं ऐकायचं, आणि वर हे मूल मागे पडलं तर दोष आपलाच, ही धास्ती. ती स्वतःसाठीच प्रार्थना करत होती. मुलाला मात्र वाटत होतं, आपल्या भागाकारामुळे देवाला त्रास होतोय.

ख्रिस्ती असोत वा नसोत, घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरतं. आईच बाई झाली तर त्याने जायचं कुठे? त्यात पवित्र शास्त्र आणि पाढे एकाच टेबलावर, एकाच आवाजात शिकवले, तर चुकलेलं गणितही पाप वाटू लागतं. 'मित्र कुठून मिळणार' असं सगळे विचारतात, हे कुणीच विचारत नाही.

त्या मायलेकरांना एकत्र बसवून मी ते वाक्य मुलालाच पुन्हा सांगायला लावलं. आई रडली, आणि मग तिने त्याला प्रार्थनेत काय म्हणते ते शब्दाशब्दाने सांगितलं. त्या दिवशी आमचं बाकी काही बोलणं झालं नाही.

पुढच्या भेटीला तिने नवऱ्यालाही आणलं. एमआयडीसीतली शिफ्टची नोकरी, तो आतापर्यंत 'तू बघतेस ना' एवढंच म्हणत होता. आता गणित आईकडून काढून इमारतीतल्या एका शिकवणीच्या बाईंकडे दिलंय. पवित्र शास्त्राचं वाचन वडिलांकडे, अभ्यासाच्या टेबलापासून लांब. दुपारचे दोन तास आई कुणाचीच बाई नाही. आणि पाचवीच्या वर्षी शाळेत परत जायचं का, हे मुलाला विचारायचं, त्याचं 'हो' आलं तर ते ऐकायचं, हे दोघांनी माझ्यासमोर कबूल केलं.

आजींना घरची शाळा अजून पटलेली नाही. त्या मराठीची शुद्धलेखनाची वही तपासतात आणि मुलगा त्यांच्याकडे आईची तक्रार करतो. मी आईला सांगितलंय, ती तक्रार थांबवू नका.